हवेचा सातबारा

धामणगाव बढ्याची मनकर्णाबाई तिखट होती, असं अजून लोक सांगतात. खोटं आहे. ती बरोबर होती, आणि बरोबर असलेल्या बाईला आपल्याकडे तिखटच म्हणतात.

गावात वीज आली तशी तिनं चावडीला लागून पिठाची चक्की टाकली. मागाहून चावडीत पंचायतीचा रेडिओ आला आणि भांडण पेटलं. चक्कीची मोटर फिरली की रेडिओत अशी खरखर व्हायची, की बातम्यांतला शब्द कळेना. रोज संध्याकाळी पुरुषमंडळी कान टवकारून बसायची. पहिल्या रांगेत मनकर्णाबाईचा नवरा, शेषराव.

शेवटी सरपंच उत्तमराव चक्कीवर आले. "मनकर्णाबाई, दिवे लागले की चक्की बंद ठेवत जा. रेडिओचं लायसन हाय आमच्यापाशी."

"भाऊ, लायसन रेडिओचं हाय. हवेचा सातबारा असन तुमच्या नावावर तर दाखवा, मंग बंद करतो."

"बातम्या साऱ्या गावासाठी हायेत."

"अन् भाकर कोणासाठी हाय? बाया वावरातून दिवस बुडता येतात. त्याईनं कवा दळावं?"

उत्तमरावांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी कोतवाल निरोप घेऊन आला: संध्याकाळी चक्की फिरली, तर पंचायत परवाना काढून घेईल. मनकर्णाबाईनं चक्कीला कुलूप घातलं आणि दळण घेऊन आलेल्या बायांना सरळ चावडीवर नेलं. बाया टोपल्यांसकट रेडिओपुढे बसल्या.

मजुरीवरून आलेली तानुबाई म्हणाली, "बातम्यायनं पोट भरते म्हणे. आमाले बी आयकू द्या."

चावडीवर बाया बसल्याचं गावानं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या रात्री अर्ध्या गावात भाकरी झाली नाही. शेषरावही उपाशी झोपला, बरं झालं!

सकाळी उत्तमराव मुकाट्यानं आले. बाईनं आपली अट सांगितली. "बातम्या लागल्या की मी थांबतो. सरल्या की चक्की सुरू. पण रेडिओ बाहेर ओट्यावर ठेवा. रांगेतल्या बायायले आयकू आला पायजे."

तसं ठरलं, चाललंही. मग एकदा बातम्यांनंतर उत्तमरावांच्या आवडीचं नाट्यगीत लागलं. ओट्यावरून त्यांनी हात हलवला. "मनकर्णाबाई, येवढं गाणं होऊ द्या."

चक्कीपाशी तानुबाई ज्वारीची टोपली घेऊन उभी होती.

"भाऊ, तुमची पाळी सरली," मनकर्णाबाई म्हणाली. "आता हवा तानुबाईची हाय."

आणि अख्ख्या चावडीदेखत तिनं मोटरचा खटका दाबला.