आमच्याकडं, तुमच्याकडं

बर्लिनला फिरायला चाललेय, असं मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं. थाप होती ती. मी पोरीला परत आणायला गेलते.

निघताना आमच्या ह्यांनी एवढंच बजावलं, "भांडू नको. पण घेऊनच ये." आम्हाला एकच लेक. शिकायला म्हणून गेली, तिथंच एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली, आणि मग दर वर्षी "पुढच्या वर्षी बघू" सुरू झालं. इकडं आम्ही दोघं. एकाचा फोन वाजला की दोघंही उठतो. मला ती घरी हवी होती. यात लाजायचं काय आहे?

माझ्याजवळ प्रश्न एकच होता, पण जालीम. "तिथं तुझं हाय कोण?" विमानात बसून मी तोच घोकत होते. युरोप म्हणजे स्वच्छ रस्ते, बंद दारं आणि शेजाऱ्याचं तोंड न बघणारी माणसं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. असल्या ठिकाणी हा प्रश्न टाकला की पोरगी रडणार, आणि रडली की बॅग भरायला घेणार. सगळा बेत तयार होता.

लेक राहते त्या भागाचं नाव नॉयकोल्न. टॅक्सीतून उतरले आणि म्हटलं, "अगं, हे कुठं आणलंस मला?" फळवाला कलिंगडाची फोड नाचवत भर रस्त्यात ओरडत होता. डोक्याला रुमाल बांधलेल्या दोघी बाळांच्या गाड्या आडव्या लावून गप्पा हाणत होत्या. एका आजोबांनी घरातली खुर्ची फूटपाथवर टाकून चहा मांडला होता, आणि लोक त्यांना वळसा घालून जात होते. आपल्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत बाजाराच्या दिवशी असतो, तसला कालवा. लेकीच्या इमारतीत तुर्की, अरब, पोलंडचे, व्हिएतनामचे, आफ्रिकेतले, सगळे होते. जिन्यात प्रत्येक मजल्याला वेगळ्या फोडणीचा वास.

"आणि जर्मन कुठं ठेवलेत?" मी विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावर आहे की एक," लेक म्हणाली. "तो बिचारा सगळ्यांची पार्सलं घेऊन ठेवतो."

झालं! माझा बेत पहिल्याच दिवशी बोंबलला.

खालच्या मजल्यावर एक तुर्की बाई राहते, माझ्याहून थोरली. लेक तिला 'तेझे' म्हणते, म्हणजे मावशीच. दुसऱ्या दिवशी ही बाई पानांत गुंडाळलेला भात घेऊन वर आली आणि "बसा" म्हणायच्या आधीच बसली. रिकामं भांडं कसं परत करायचं? मी सोबत नेलेली कांदा-लसूण चटणी तिला दिली. तिनं ती मुरंब्यासारखी पावावर थापली आणि मोठा घास घेतला. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत डोळ्यांतनं धारा लागल्या. छाती बडवत हसली ती, आणि दुसऱ्या दिवशी चटणीसाठी वाटी घेऊन परत हजर! साबण, दुनिया, हवा एवढे शब्द आम्हा दोघींचे सारखे निघाले. तेवढ्यावर आम्ही दुपार काढायचो.

तिच्याकडनंच मला एक कळलं. मधल्या थंडीत लेक तापानं फणफणली होती. ह्या बाईनं तिला चार दिवस आपल्या घरी झोपवून गरम सूप भरवलं. लेकीनं हे भाषांतर करून सांगितलं, ते पण खाली बघत. आम्हाला फोनवर "जरा सर्दी झालीय" एवढंच सांगितलं होतं. खरं तर मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला राग आला. त्या बाईचा न्हवे, लेकीचाही न्हवे. आपल्या पोरीच्या कपाळावर दुसरीच कुणीतरी हात ठेवून बसली, याचा.

तरी मी हट्ट सोडला नाही. लेक बाजारात नेते म्हणाली, तेव्हा ठरवलं, आज विचारायचंच.

कालव्याच्या काठानं लांबच लांब बाजार भरतो. कापडाचे तागे, ऑलिव्हच्या बरण्या, चीज, भेंडी, बोटाएवढी वांगी. विकणारे असे बोंबलतात की मला माहेरी आल्यासारखं झालं. मी भेंडी मोडून बघत होते, तेवढ्यात ह्यांचा फोन आला. लेकीनं घेतला. ह्या गोंगाटात ह्यांना काही ऐकू येईना.

"बाबा, बाजार आहे बाजार!" ती ओरडली. "आमच्याकडं मंगळवारी असतो. तुमच्याकडं पाऊस थांबला का?"

ह्यांना काही जाणवलं नाही. पुरुषांना असलं ऐकूच येत नाही. ते आपलं पावसाचं सांगत बसले. मी मात्र भेंडी हातात धरून तशीच उभी.

तुमच्याकडं! कोल्हापूर तुमच्याकडं! परवापरवापर्यंत ही पोरगी "आपल्याकडं" म्हणायची. लग्न झालेल्या लेकी असं बोलतात आणि आईबाप ते ऐकायची तयारी ठेवून असतात. हिचं लग्नच झालेलं नाही. ना मांडव, ना वरात, आणि पोरगी सासरी गेलीसुद्धा.

फोन ठेवल्याठेवल्या मी उखडले. "तुमच्याकडं काय गं? कोल्हापूर आमच्या दोघांचंच कवापासनं झालं?"

"असं कुठं म्हटलं मी?" तिला खरंच कळलं नव्हतं. मग कळलं, आणि चेहरा उतरला. "आई, मुद्दाम नाही गं. तोंडातनं गेलं."

तेच तर. मुद्दाम म्हणाली असती तर मी भांडले असते.

तिथंच कठड्याला टेकले आणि मला माझं आठवलं. माझं माहेर हातकणंगल्याजवळ. लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी एकदा माहेरी गेलते. आई भाकरी थापत होती. आमटी चाखून मी म्हणाले, "आमच्याकडं एवढा गूळ न्हाई घालत." आईचा थापणारा हात थांबला. मग परत चालू झाला. जेवायच्या वेळी तिनं मला पाट मांडला आणि पहिलं ताट मला वाढलं, वडिलांच्याही आधी. पावण्यांना वाढतात तसं. मला तेव्हा वाटलं, बघा, आपला मान वाढला.

लेकीनं पिशवी माझ्या हातातनं घेतली. आम्ही घराकडं निघालो.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मीच ह्यांना फोन लावला.

"इचारलंस का?" ह्यांनी फोन उचलताच विचारलं.

"न्हाई."

"का गं?"

"इचारायचं काय ऱ्हायलंय? घर हाय तिचं हितं."

फोन कटला की काय म्हणून मी दोनदा "अहो, अहो" केलं.

"बरं," हे म्हणाले. "मग तू तरी ये."