फ्रीजवाल्या वयनी

दुकानाला कुलूप लावून वयनी चार पावलं पुढे जायच्या, थांबायच्या, परत येऊन कुलूप ओढून बघायच्या. मग शेजारच्या फार्मसीत बसलेल्या माझ्याकडे बघायच्या. कुलपाची खात्री झाली, आता राहिलात तुम्ही, असा त्या नजरेचा अर्थ. असं एखादं माणूस तुमच्याही शेजारात असेलच.

साखळीच्या बाजारात त्यांच्या नवऱ्याचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान होतं. गोवा नुकतंच राज्य झालं होतं. कोण मराठी म्हणतो आणि कोण कोकणी, यावरून लोक एकमेकांना जोखत. त्या संशयाच्या हवेतही वयनी उठून दिसायच्या. एकदा मी प्रसाद दिला, तर म्हणाल्या, "कसलो?"

"सत्यनारायणाचा."

"तुमगेर तर दसऱ्याउपरांत आसता. आतां कसो?" प्रसाद त्यांनी घेतला, पण माझ्यासमोर खाल्ला नाही.

नवरा काविळीने अचानक गेला. वयनी त्याच्या हाताखाली सगळं शिकलेल्या. गॅस भरायच्या, कॉम्प्रेसर बदलायच्या. तांब्याचे पाईप गॅसच्या ज्योतीवर जोडायचं काम तेवढं नवऱ्याने कधी त्यांच्या हाती दिलं नव्हतं. दिवसकार्य आटोपल्यावर मुळगावचा दीर आला. दुकानात एक फेरी मारून म्हणाला, "बायलमनशेन फ्रीज उगडलें जाल्यार गिरायक येतलें?" त्याच सुमारास आसपासच्या खाणींच्या ऑफिसांनी कळवलं की एसीचं काम यापुढे सरकारी दाखला असलेल्या मेकॅनिकलाच मिळेल. बाजारातल्या गिऱ्हाइकांवर दुकान चालणारं नव्हतं. हे सगळं दिरानेच घडवून आणलं, अशी वयनींची ठाम समजूत झाली आणि त्या रागातच त्यांनी दाखल्याच्या परीक्षेला बसायचं ठरवलं.

डिचोलीला खोली घेऊन राहणारे, कोल्हापूरकडचे एक मास्तर माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला येत. हेच काम ते तिथल्या तांत्रिक शाळेत मुलांना शिकवायचे. वयनींची गोष्ट ऐकून ते म्हणाले, "रविवारी येत जाईन मी. दाखवीन त्यांना."

मी आनंदाने जाऊन वयनींना सांगितलं.

"कित्याक?" त्यांनी विचारलं. "फुकट शिकयता म्हणजे दुकानार डोळो आसतलो ताचो."

शेवटी तोड निघाली. शटर पूर्ण उघडं ठेवायचं आणि मी दारात स्टुलावर बसून मास्तरांवर लक्ष ठेवायचं. मी पेपर घेऊन बसू लागलो. पुढच्या रविवारी कळलं की माझ्यावर लक्ष ठेवायला त्यांनी समोरच्या फुलवालीला सांगून ठेवलं होतं.

"ताई, घाई नको," मास्तर म्हणायचे. "पाईप आधी सगळीकडनं तापवा. जोडायची सळी मागनं लावा." वयनी मान डोलवायच्या. मास्तरांची पाठ वळली की आपल्या मनाने करून बघायच्या. खरी मेख हा माणूस लपवून ठेवतोय, असं त्यांना सारखं वाटायचं.

परीक्षेत त्या नापास झाल्या. जोडावर साबणाचा फेस लावला तर बुडबुडे आले, म्हणजे जोड गळत होता. पणजीहून त्या तडक माझ्या दुकानात आल्या. परीक्षकाकडून मागून आणलेला तो जोड त्यांनी काउंटरवर आपटला. "मुद्दाम चुकीचें शिकयलें ताणें! दिराक मेळ्ळा तो मास्तर!"

मग आपल्या दुकानात नेऊन, मला साक्षीला उभं करून त्यांनी करवतीने तो जोड उभा चिरला. आम्ही दोघं वाकून बघू लागलो. वितळलेली सळी एका बाजूने आत उतरली होती. दुसरी बाजू कोरडी होती. तिथे पाईप तापलाच नव्हता.

वयनींनी त्या कोरड्या बाजूवरून बोट फिरवलं. चेहरा पार उतरला होता. मग हळूच म्हणाल्या, "हें म्हजेंच काम."

दुकान बंद करून त्यांनी डिचोलीची बस धरली. मलाही बरोबर नेलं. मास्तर खोलीच्या दारात भांडी घासत बसले होते. आम्हाला बघून गडबडीने शर्ट घालून आले. वयनी उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

"मास्तर, परत शिकयतले?"

"शिकवीन की."

"पूण एक सांगा. तुमी हें कित्याक करतात?"

मास्तर ओशाळले. "ताई, घरची सगळी तिकडं गावाला. आठवडाभर पोरं असतात वर्गात. रविवारी ह्या खोलीत बसून काय करायचं हो मी?"

वयनींनी आत नजर फिरवली. एक खाट, एक स्टोव्ह, दोरीवर दोन शर्ट. "बरें," त्या म्हणाल्या आणि परतीच्या बसकडे वळल्या.

त्यानंतरच्या रविवारी फुलवालीला सुटी मिळाली. थोड्या दिवसांनी मलाही.

दुसऱ्या खेपेला वयनी पास झाल्या. दाखला आला तेव्हा आधी मला म्हणाल्या, "सही खरी मरे?" आणि दुसऱ्या दिवशी पणजीला जाऊन विचारून आल्या. मग तो भिंतीवर लावला, पण रस्त्यावरून दिसणार नाही असा. कोणी नक्कल केली तर? खाणींच्या ऑफिसांतले एसी पुढे कितीतरी वर्षं त्यांच्याच हाताखालून गेले. दिराने पुन्हा दुकानात पाऊल टाकलं नाही.

वयनी जाऊनही आता बराच काळ लोटला. त्यांच्या दुकानात बांगड्या विकतात. मध्यंतरी मास्तर आले. पार थकलेले, बरोबर पत्नी. बाईंचं दुकान बघायचं म्हणून तिनेच आग्रह धरला होता म्हणे. वयनी गेल्याचं मी सांगितलं. मास्तर बाहेरच्या पायरीवर बसले.

त्यांची पत्नी मात्र उभीच राहिली. "हे सुट्टीत घरी आले की मी विचारायची, रविवारी काय करता तिथं?" ती म्हणाली. "म्हणायचे, एका बाईंना पाईप जोडायला शिकवतो. माझा कुठला विश्वास बसायला!" ती हसली, आणि जरा थांबून तिने विचारलं, "दिसायला कशा होत्या हो?"

मी आठवू लागलो. नाक-डोळे काही केल्या नीट जुळेनात. दिसला तो फक्त कमरेला खोचलेला पदर, डोळ्यांवरचा कामाचा काळा चष्मा, आणि निळ्या ज्योतीवर पाईप सावकाश फिरवत, श्वास रोखून वाकलेली मान.