पश्चिमेच्या भिंतीचं लुगडं

सिरसाळ्याचं आपलं घर बांधायला घेतलं तेव्हा मिस्त्री पहिले पंधरा दिवस नुसते बसून होते. रिकाम्या प्लॉटवर घमेलं पालथं घालून सकाळी एका कोपऱ्यात, दुपारी दुसऱ्या. मी पट्टीनं आखलेला, खोल्यांना क्रमांक दिलेला नकाशा त्यांनी घडी करून टोपीत ठेवला.

"काम कधी सुरू करणार, मिस्त्री?"

"सुरूच हाय की, बाई. ऊन कुठून येतंय, पानी कुठं पळतंय, शेळ्या कुठं बसत्यात, बगतोय."

आरू, तू आर्किटेक्चरच्या वर्गात जे मोठमोठ्या शब्दांत शिकतेस, ते मिस्त्री तंबाखू मळत सांगत. "एकाचं सांडलेलं दुसऱ्याच्या पोटात गेलं पायजे, तवा ते घर." म्हणून भिंती परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेच्या विटांच्या, वर पांढऱ्या मातीचं माळवद, आणि धुण्याचा दगड पश्चिमेला, थेट फाटकासमोर. येणाऱ्याला आधी माझं धुणं दिसायचं. हे मला कसं खपावं? पुढच्या वर्षी मिस्त्री धर्मापुरीला कामावर गेल्याची संधी साधून मी तो दगड मागच्या कोपऱ्यात हलवला.

त्याच उन्हाळ्यात तुझ्या बाबानं, माझ्या लेकानं, अट घातली होती. आईला इथला उन्हाळा झेपला नाही, तर घर विकायचं आणि तिनं आमच्याकडे शहरात यायचं. वैशाखात तो स्वतः पाहायला येणार होता. मला तर इथून हलायचं नव्हतं.

आणि नेमकी चैत्रात पश्चिमेची खोली तापली. खिडक्या उघडल्या तर धूळ, मिटल्या तर घुसमट. कुलर लावला तर फ्यूज उडाला. पापड खोलीतच वाळले. मी वहीत क्रमवार अकरा तक्रारी लिहिल्या, मिस्त्रींना बोलावलं आणि एकेक वाचून दाखवली.

ते अंगणाकडे बघत म्हणाले, "अकरा न्हाईत बाई, एकच हाय. दगड कुनी हलवला?"

आयुष्यभर वर्गात "हे कोणी केलं?" मी विचारत आले. आता उत्तर मला द्यायचं होतं. "मी."

"कावून?"

"बरा दिसत नव्हता."

"आन् ह्यो बरा दिसतोय?" त्यांनी भिंतीवरच्या घोसाळ्याच्या वाळल्या वेलाकडे बोट केलं. धुण्याच्या पाण्यावर तो वेल जगायचा, वेलाच्या सावलीनं भिंत गार राहायची, भिंतीमुळं खोली. मी काटकोनात घर आवरलं आणि सगळंच मोडून ठेवलं.

दगड परत आला, नवा वेलही लावला. पण तो वाढेपर्यंत काय? मिस्त्रींच्या कारभारणीनं दोन जुनी लुगडी आणून दिली. "भितीला तरी नेसवा. मला काई नवं घेत न्हाईत हे!" मिस्त्रींनी ती भिंतीपासून वीतभर सोडून टांगली. दिवसातून दोनदा मी धुण्याचंच पाणी त्यांवर मारायची.

तुझा बाबा परळी स्टेशनाहून रिक्षानं आला आणि फाटकातच थबकला. "आई, घराला लुगडं?"

"येल मोटा होईस्तोवर उघडं कसं ठिवायचं?" मिस्त्री म्हणाले.

बाबा दुपारी त्या खोलीत टेकला तो संध्याकाळीच उठला. चहा पिताना म्हणाला, "मिस्त्री, आमच्या तिकडच्या घराचंही जरा सांगा की."

"सांगतो की. धुन्याचं पानी कुठं जातं तुमच्याकडं?"

बाबानं कप खाली ठेवला. "माहीत नाही."

मिस्त्रींना त्याची खरंच दया आली. "मंग बाईंना हितंच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "आदी तुमचं तुमी बगून या."

मिस्त्री गेल्या हिवाळ्यात वारले, त्याच्या कितीतरी आधीचं हे. तुझ्या बाबानं विक्रीचे कागद त्या भेटीत बॅगेतून काढलेच नाहीत. तिकडे गेल्यावर मात्र आठवड्याभरात त्याचा फोन आला. मला नव्हे, मिस्त्रींना. तो घरामागच्या गटाराचं झाकण उघडून उभा होता.