बोलोन्याची खोली आणि माझी यादी

दुपारपासून हे लिहायचं टाळतोय. मध्ये रस्त्यावर शेळ्यांचा कळप आला तो बघत बसलो, मग गाडी पुसली. आता लिहितोच.

इटलीतलं बोलोन्या हे जुनं शहर दोन वर्षं माझ्या डोक्यात आहे. तिथं एकच खोली घ्यायची, बॅगा तिथंच ठेवायच्या आणि रोज सकाळी रेल्वेनं एकेक गाव बघून संध्याकाळी परत यायचं. लवळ्यात आमच्या घरी बॅगा टाकून मी आणि अमोल असेच तिकोना, कोरीगड, ताम्हिणी फिरलो. अमोल कासार आंबोलीचा, हिंजवडीत नोकरीला. कुठल्या दिवशी कुठलं गाव, सगळी यादी मी वहीत लिहून त्याला फोटो पाठवला होता.

"तुझ्याशिवाय जाईन का भावा," म्हणाला होता.

आज दुपारी त्याचं स्टेटस बघितलं. बोलोन्यातली खोली, ऑफिसमधले तिघं, आणि खाली लिहिलंय, 'आज राव्हेना, उद्या फेरारा.' माझ्याच क्रमानं.

फोन केला तर म्हणतो, "अरे, तुझा पासपोर्ट कुठं झाला होता?"

नव्हता झाला, खरंय. पण विचारायचं तरी. नेलं नाही ते विसरेन मी, लपवलं ते कसं विसरू? तुमच्यासोबत असं झालंय का? नंतर बोललात का त्या माणसाशी?

थांबा, दारात अमोलच्या आई आल्यात; आजच आंबोलीहून इथं लवळ्यात बहिणीकडे आल्यात म्हणे. पोरांचा काही फोन आला का, हे माझ्या आईला विचारायला आल्या होत्या. मला बघून उंबऱ्यातच थबकल्या.

"तू हितं कसा रं? अमोल तर म्हणला, तुमी दोघं संगंच गेलाय."