कपिला बसली पाहिजे

रतनबाईंशी वाद घालायचा तर आधी पोटभर जेवून जावं, असं आमच्या लिंबागणेशकडच्या मंडळींचं मत होतं.

त्या दुष्काळात सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी उघडली. प्रत्येक सभासदाला सारखेच बांबू, सारखाच गोठा. पण रतनबाईंच्या गोठ्याला खेटून चेअरमन सुंदररावांनी छावणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मंडप घातला आणि त्यापायी गोठ्याची मागची बाजू एका अंगाला सरकवली. चौकोनी गोठा तिरपा झाला. आतली इतर जनावरं बसली की म्हाताऱ्या कपिलेला जागाच उरेना; ती उभीच. रात्र रात्र उभी राहून गाय खंगायला लागली.

"बांबू मोजून घ्या, रतनबाई. समद्यांना सारखेच हायेत," सुंदरराव म्हणाले.

"माझी गाय बांबूवर बसती व्हय?"

नवरा तात्याबा कुजबुजला, "राहू दे गं, चेअरमन हायेत ते."

रतनबाईंनी तात्याबाचीच बाज उचलून मंडपात आणली. तिचा सुंभ सैल केला आणि एक कोपरा असा रेटला की बाज पतंगासारखी तिरपी झाली.

"चारी लाकडं तीच हायेत ना? आता झोपून दाखवा!"

सुंदरराव झोपले. म्हणजे निम्मे झोपले. निम्मे बाहेरच राहिले.

समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची, आणि उंची तिरप्या बाजूनं मोजायची नाही, हे मास्तरांनी मला छडीनं शिकवलं होतं. माझ्या लक्षात फक्त छडी राहिली होती. बाज पाहिली आणि बाकीचं आठवलं: बाजू तेवढ्याच, पण समोरासमोरचं सरळ अंतर घटलं की मधली जागा आटते.

"समजलं," सुंदरराव कपडे झटकत म्हणाले. "पण मंडप हलायचा न्हाई. बांबूला हात लावाल तर सभासदत्व काढीन."

"काढा की. तवर मी बांबू काढते."

शेजारच्या छबुबाईनं पहार दिली. बायांनी मिळून गोठा काटकोनात आणला. मंडप त्याच खांबांना बांधलेला. गोठा सरळ झाला तसा मंडप तिरपा झाला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मंडपात खुर्च्यांच्या दोन रांगा बसायच्या, आता एकच बसली, आणि ती पाहुण्यांनीच भरली. सुंदरराव कडेला उन्हात उभे राहिले. पलीकडे कपिला ऐसपैस बसून रवंथ करत होती.

रतनबाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवत हाक दिली,

"का उभे ऱ्हायलात, चेअरमन? बांबू तर तेवढेच हायेत!"