बाबांना नाशिक दाखवणारा

पेठकडच्या आमच्या गावाहून बाबांना मी पहिल्यांदा नाशिकला आणलं, ते त्यांची नजर गेल्यावर. आता काही होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. स्टँडवर जायला रिक्षात बसलो, तेव्हा बाबा म्हणाले, "तुझं शहर बघायचं राह्यलंच." दिसत होतं तेव्हा मी त्यांना कधी बोलावलंच नव्हतं.

रिक्षावाल्यानं ते ऐकलं आणि रिक्षा भलत्याच रस्त्याला घातली.

"अहो, त्यांना दिसत नाही. सरळ चला."

"म्हणून तर हळू चाललोय, साहेब. चाचा, नाक तयार ठेवा!"

नानकटाईचा वास येईपर्यंत तो बेकरीपाशी थांबला. मग गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन, मशिदीतली अजान, फूलबाजारातला ओला झेंडू. प्रत्येक ठिकाणी इंजिन बंद करून तो गप्प बसायचा. बाबा झोपेत असल्यासारखे मंद हसत होते.

स्टँडवर उतरताना त्यांनी विचारलं, "समदं दावलं, पण तू कसा हाय?"

त्यानं वाकून बाबांचा हात आपल्या दाढीवर ठेवला. बोटं सावकाश गालांवर फिरली.

"हसतोय की!" बाबा म्हणाले. मग हात माझ्याकडे केला. "आता तू ये."

मी वाकलो, पण मला हसू आणता आलं नाही.