उतारावरच्या पंगती

मानवत रोड स्टेशनच्या नावात मानवत आहे, पण गाव नाही. ते मला उतरल्यावर कळलं. रिक्षात पिशवी पोटाशी धरून बसलो. पिशवीत फरशी बसवायची हत्यारं, जमिनीची पातळी मोजायची पाण्याची नळी आणि घरची कोकमं. ठेकेदारांनी कुडाळहून निघताना बजावलं होतं, "हे काम एकट्यानं नीट केलंस तर तू मिस्त्री. नाहीतर पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली." त्यामुळे वाटेतली कापसाची शेतं दिसत होती, पण डोक्यात शिरत नव्हती.

काम एका मंगल कार्यालयाचं होतं. पोचल्या पोचल्या नळी लावली. दारापासून स्टेजपर्यंत तीन फुटांचा फरक! नळीत हवा शिरली असेल म्हणून पाणी बदललं, पुन्हा लावली. तरी तीनच फूट.

दारात एक म्हातारे गृहस्थ विडी ओढत मजा बघत होते. ते म्हणाले, "कोकणवाले, नळी बराबर हाय. जमीनच तिरपी हाय. टॉकीज हाय ही!"

हे रहीमचाचा. एकेकाळी इथे बॅटरी घेऊन लोकांना जागा दाखवायचे, आता चपला सांभाळतात. त्यांनी सगळा इतिहास सांगितला. आधी हे सरकीचं गोदाम होतं. मग टॉकीज झाली. पडदा उतरल्यावर परत सरकी भरली, आणि आता लग्नं लागतात. "सांच्या खेळाआधी भोंग्यावर आरती लागली की बाया तव्यावरची भाकर उतरून निघायच्या," चाचा म्हणाले. पडद्याजवळ थर्ड (सगळ्यात स्वस्त तिकीट), मागे फर्स्ट, त्याच्याही मागे, दाराशी सगळ्यात उंचावर बाल्कनी. अंधारात कुठली रांग आली ते त्यांना नुसत्या तळपायाला कळायचं.

मालक किसनशेठ येरवाळीच (लवकरच) आले. "वरण वाढलं की ते खालच्या पंगतीत जायलंय बघा. पाव्हणे घास घ्यायचा सोडून ताट धरून बसायलेत! सपाट करून टाका."

मी भीत भीत सांगितलं, "शेठ, सपाट केलं तर स्टेजजवळची दारं निम्मी गाडली जातील. त्यापेक्षा रुंद पायऱ्या करू. एका पायरीवर एक पंगत."

शेठनी दारापर्यंत चालत जाऊन उतार पाहिला. मग म्हणाले, "करा. पण पुढच्या हप्त्यात लगीन हाय. बिघडलं तर तुमच्या ठेकेदाराला फोन लावीन."

आठ दिवस राबलो. चाचा दुपारी घरून भाकरी आणि ठेचा आणायचे. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं की म्हणायचे, "घरची याद आली वाटतं!" मी कोकमाचं सार करून पाजलं. चाचांनी तोंड वाकडं केलं आणि अजून एक पेला मागितला.

लग्नाच्या दिवशी खांबाआड उभा राहून मी वरणाच्या बादलीकडे बघत होतो. शेठनी वरपक्षाला मानाने स्टेजजवळच्या पायरीवर बसवलं, मुलीकडच्यांना दाराजवळच्या वरच्या पायरीवर. ताटं मांडली, आणि जवळच्याच पोखर्णीहून आलेले नवरदेवाचे चुलते ताडकन उठले.

"आमी मुलाकडचे, अन् आमाला थर्डात बसवायले? ते बघा, मुलीकडचे बाल्कनीत जेवायलेत!"

त्यांच्यामागे अख्खी पंगत उठली. पायऱ्या नव्या, पण गावाच्या डोक्यात तिकिटं जुनीच! शेठनी माझ्याकडे असं बघितलं की मी मनातल्या मनात पिशवी भरली.

तेवढ्यात चाचांनी खिशातून बॅटरी काढली आणि भर दुपारी चुलत्यांच्या पायांशी उजेड पाडला.

"काका, इथंच बसून शिट्ट्या मारायचात, इसरले व्हय? आज पडदा न्हाई, पिच्चर न्हाई. हिरो तुमचा पुतण्या. तो बसला तीच बाल्कनी. चला, शीट दाखवतो."

सगळं कार्यालय हसलं. चुलत्यांनी मिशीवरून हात फिरवला. "नीट धर बॅटरी. त्या वक्ताला भिताडावर आदळवलं व्हतंस मला!" असं म्हणत ते नवरदेवाशेजारी, त्याच पायरीवर बसले. सगळी पंगत बसली.

वरण वाढलं. जागेवर राहिलं.

शेठनी फोन काढला. मी खरोखरची पिशवी शोधायला लागलो. "तुमचा मिस्त्री इथंच हाय अजून," ते ठेकेदारांना म्हणाले, "जेवल्याबिगर सोडत न्हाई त्याला."

परतीच्या गाडीत चाचांच्या घरचे धपाटे खाताना हसू आलं. सातवीत शाळा सुटली तेव्हा मी शेवटच्या बाकावर होतो, आणि मागे बसणारा तो खालचा, हे मी आजवर खरं मानत आलो होतो. मानवतला कळलं, मागे बसायला लोक जास्त पैसे मोजायचे. आमच्या गुरुजींना कुणीतरी हे सांगायला हवं होतं.